कॅमेऱ्याला हवं असलेलं प्रेम

विसाव्या शतकात प्रेमाची जी छायाचित्रं पोस्टर होऊन जगभरच्या भिंतींवर चढली, त्यांतली दोन बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात. एक न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं. तारीख १४ ऑगस्ट १९४५. जपानने शरणागती पत्करल्याची बातमी नुकतीच आलेली, रस्त्यावर जल्लोष, आणि एक खलाशी पांढऱ्या पोशाखातल्या तरुणीला कमरेतून मागे वाकवून तिचं चुंबन घेतोय. आल्फ्रेड आयझेनस्टॅट यांनी ते ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी टिपलं. दुसरं पॅरिसमधलं, १९५० सालचं, रोबेर दुआनो यांचं. नगरभवनासमोरच्या वर्दळीत चालता चालता थांबलेलं एक जोडपं, भोवतीच्या जगाचं भान नसलेलं. तेही ‘लाइफ’मध्येच छापून आलं.

पहिल्या चित्रातली तरुणी म्हणून आता बहुतेक अभ्यासक जिचं नाव घेतात, ती ग्रेटा झिमर फ्रीडमन दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. युद्ध खरंच संपलं का, हे बघायला ती चौकात आली होती. खलाशी तिच्या ओळखीचा नव्हता. त्याने तिला विचारलं नव्हतं. तो आला आणि त्याने धरलं, यात आपल्या इच्छेचा प्रश्नच आला नाही, असं तिने उतारवयात मुलाखतीत सांगितलं. दुसऱ्या चित्रातले दोघं नाटकाचे विद्यार्थी होते. ते खरोखरच एकमेकांच्या प्रेमात होते, पण ते चुंबन दुआनो यांनी सांगून करून घेतलेलं होतं. १९९०नंतरच्या कोर्टकचेरीत हे उघड झालं, कारण तोवर ‘त्या चित्रात आम्हीच आहोत’ म्हणणारं भलतंच जोडपं पुढे आलं होतं. त्या विद्यार्थ्यांचं प्रेम पुढे फार दिवस टिकलं नाही. चित्र टिकलं.

एका चित्रात प्रेम नव्हतंच, दुसऱ्यात होतं. बघणाऱ्याला दोन्हींत ते सारखंच दिसलं. मिटलेले डोळे, झुकलेली मान, कमरेवरचा हात, ही शरीराची एक ठेवण झाली. तिचा अर्थ आपण चित्राबाहेरून, आधी पाहिलेल्या शेकडो चित्रांतून आणतो. आणि मग तोच अर्थ प्रत्येकाच्या आयुष्यात कधी ना कधी उतरणार, अशी खात्री बाळगून बसतो.

तो ज्यांच्या आयुष्यात उतरत नाही, अशी माणसं असतात. दुसऱ्या कुणाबद्दल ‘प्रेमात पडणं’ ज्याला म्हणतात तसं काही ज्यांना वाटत नाही, किंवा फार क्वचित आणि फार अंधूक वाटतं, ते स्वतःला अरोमँटिक म्हणवतात. अलैंगिक म्हणजे असेक्शुअल असणं ही वेगळी बाब आहे. काहींच्या बाबतीत दोन्ही एकत्र असतं, काहींच्या बाबतीत नसतं. एखाद्याला शरीराची ओढ असते पण प्रेमाची नसते. एखाद्याला प्रेम हवं असतं, शरीरसंबंध नको असतो. मारिया काव्तराद्झे यांचा ‘स्लो’ हा २०२३चा लिथुएनियन चित्रपट या दुसऱ्या प्रकारच्या पुरुषाचा आहे. मैत्री, माया, वात्सल्य, निष्ठा हे सगळं अरोमँटिक माणसाकडे इतरांइतकंच असतं. अशा अनेकांनी लिहून ठेवलंय की शाळा-कॉलेजात मैत्रिणी ‘क्रश’बद्दल बोलायच्या तेव्हा आपल्याला वाटायचं, ही सगळी एक ठरलेली थट्टा आहे, सिनेमातली वाक्यं सगळे हौसेने बोलून दाखवताहेत. सिनेमाबद्दलची त्यांची ती समजूत अगदीच निराधार होती असं मला वाटत नाही.

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक एलिझाबेथ ब्रेक यांनी २०१२मध्ये विवाहावरच्या आपल्या पुस्तकात प्रेमात पडायलाच हवं या दडपणाला एक संज्ञा दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक माणूस एका व्यक्तीशी बांधलेल्या प्रेमसंबंधाच्या शोधात असतो आणि तो मिळाल्यावरच त्याचं भलं होतं, हे समाजाने धरून चाललेलं गृहीतक आहे. आणि त्यामुळे मैत्रीसारखी नाती आपोआप दुय्यम ठरतात. मला यात एकच भर घालायची आहे. हे गृहीतक माणसांच्या डोक्यात जितकं आहे तितकंच ते कॅमेऱ्याच्या सवयींत आहे. कायद्याशी आणि नातेवाइकांशी वाद घालता येतो. फोटोग्राफरने ‘जरा जवळ या’ म्हटल्यावर माणूस जवळ जातो.

आपल्याकडे ही गोष्ट आणखी वेगळ्या वळणाने गेली आहे. ब्रेक ज्या समाजाबद्दल लिहितात तिथे प्रेम आधी आणि लग्न नंतर, असा क्रम आहे. महाराष्ट्रात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत लग्नाला प्रेमाची अट नव्हतीच. पत्रिका, पोटजात, नोकरी, शेती, मुलीचा रंग, आणि ‘तुला पसंत आहे ना’ हा प्रश्न आलाच तर सर्वांत शेवटी, उत्तराची फारशी वाट न बघता. अरोमँटिक माणसाला या व्यवस्थेत लपून राहणं एका परीने सोपं होतं. संसार नीट केला, सणवार पाळले, मुलं मार्गी लावली की पुरे. मनात काय होतं ते कुणी विचारायचं नाही. ही व्यवस्था दयाळू होती असं मुळीच नाही, बाईच्या बाबतीत तर नाहीच. पण तिने माणसाकडून वागणूक मागितली, भावना मागितली नाही.

त्या काळचा लग्नाचा फोटो आठवून बघा. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी, तिचा हात फार तर खुर्चीच्या पाठीवर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग नाहीतर जिना. दोघांची नजर थेट समोर. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा तो फोटो असायचा: अमुक गावचे अमुक, यांचं यांच्याशी नातं जडलं, नोंद झाली. त्यात प्रेम होतं की नव्हतं हे त्यावरून सांगता येत नाही, आणि सांगण्याची जबाबदारी फोटोवर कुणी टाकलेलीही नव्हती.

आता ती टाकली आहे. मेणवलीचा घाट, अलिबागचा किनारा, पुण्याच्या आसपास खास याच कामासाठी उभारलेले सेट, अशा ठिकाणी प्री-वेडिंग शूट चालतं. मुलगा-मुलगी पाच-सहा महिन्यांपूर्वी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा भेटलेले असतात. ‘सर, हात कमरेवर. मॅडम, थोडं लाजा. आता हसत हसत चालत या, कॅमेऱ्याकडे बघू नका.’ वर ड्रोन फिरतो, मागाहून गाणं चढवलं जातं, आणि रिसेप्शनच्या दिवशी हे सगळं मोठ्या पडद्यावर आत्या-मामांसमोर दाखवलं जातं. या शूटवर बंदी घालायचे ठराव काही जातींच्या समाजसंस्थांनी केले, संस्कृतीचं नाव पुढे करून. माझी तक्रार उलट बाजूची आहे. दोघांनी लग्नाआधी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले, त्याचं मला काही वाटत नाही. ठरवून झालेल्या लग्नालासुद्धा आता आपण प्रेमलग्न असल्याचा पुरावा जोडावा लागतो, हे खटकतं. लग्न करण्याची सक्ती जिथल्या तिथे राहिली आणि वर प्रेमात असल्याचं दिसण्याची सक्ती आली. जुन्या व्यवस्थेत ज्याला निदान गप्प राहता येत होतं, त्याच्याकडून हा कॅमेरा कबुलीजबाब काढून घेतो. खोटा का असेना.

जोडप्यांव्यतिरिक्तच्या नात्यांना फोटोत जागा नव्हती असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या नागदा या गिरणीच्या गावात सुरेश पंजाबी यांचा सुहाग स्टुडिओ आहे. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी तिथल्या जुन्या निगेटिव्हवर २०१३मध्ये पुस्तक केलं. स्टुडिओचं नाव सुहाग, पण त्या फोटोंत मित्रांच्या जोड्या ठायी ठायी भेटतात. खांद्यावर हात, घट्ट धरलेले पंजे, कधी एकसारखे गॉगल. पगार झाला की मित्राबरोबर फोटो काढायचा, ही गोष्ट आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरपासून मालेगावपर्यंत तालुक्याच्या प्रत्येक स्टुडिओत व्हायची. अमेरिकेतही व्हायची. इतिहासकार जॉन इब्सन यांनी अमेरिकी पुरुषांचे हजारो जुने फोटो गोळा करून २००२मध्ये दाखवून दिलं, की एकोणिसाव्या शतकात पुरुष एकमेकांच्या मांडीवर बसून, हात हातात घेऊन निःसंकोच फोटो काढायचे आणि विसाव्या शतकात फोटोतल्या पुरुषांमधलं अंतर वाढत गेलं. लोक आपल्याला काय समजतील, ही भीती त्या अंतरात भरली होती.

याच जातीचे फोटो घेऊन २०२०मध्ये दुसरं एक पुस्तक आलं, ‘लव्हिंग’. ह्यू निनी आणि नील ट्रेडवेल या जोडप्याने १८५० ते १९५० या शंभर वर्षांतले पुरुष-जोड्यांचे फोटो जुन्या बाजारांतून जमवले होते. प्रेमात असलेल्या माणसांच्या डोळ्यांत एक नजर असते, ती लपत नाही, आणि तिच्यावरून आम्ही फोटो निवडले, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक सुंदर आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावं इतिहासातून पुसून टाकली गेली, त्यांना आपली माणसं जुन्या फोटोंत शोधावीशी वाटणं मला पूर्ण समजतं. तरी टाइम्स स्क्वेअरचा तो फोटो आठवला की ‘नजर लपत नाही’ या वाक्यावर विश्वास बसत नाही.

इथे अरोमँटिक वाचकाची खरी पंचाईत होते. ‘कशावरून ते नुसते मित्र नव्हते?’ असं तो म्हणाला, तर तो अशा लोकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या सहजीवनावर ‘नुसती मैत्री’ असा शिक्का मारून ते नाकारलं. आणि गप्प बसला, तर जिथे जिथे जिव्हाळा दिसेल तिथे तिथे प्रेमच असलं पाहिजे, हे तो मान्य करतो. मग त्याच्या स्वतःच्या जिव्हाळ्याला कुठलाच पूर्वज उरत नाही. माझ्या मते यातून सुटायची वाट एकच आहे. ‘नुसती’ हा शब्द दोन्ही पक्षांनी काढून टाकायचा. फोटोतले ते दोघं प्रियकर असतील किंवा मित्र असतील. मित्र असतील तर त्यामुळे फोटोचं मोल कमी होत नाही. हे तत्त्व म्हणून बोलणं सोपं आहे. वारशाच्या, ओळखीच्या, मान्यतेच्या लढाईत उतरलेल्यांना ते ऐकवणं सोपं नाही, हेही मला दिसतं.

एका फोटोत मैत्री पकडणं अवघड जातं, याला आणखी एक कारण आहे. प्रेमाच्या प्रचलित कथेला शिखर असतं: कबुली, चुंबन, हार घालण्याचा क्षण. कॅमेऱ्याची झडप नेमकी अशा क्षणांसाठी तयार झालेली. मैत्रीला, भावंडांच्या नात्याला, वर्षानुवर्षांच्या सोबतीला असं शिखर नसतं. तिथे एक फोटो काहीच सांगत नाही, वर्षं लागतात. निकोलस निक्सन यांनी १९७५मध्ये आपली बायको बीबी आणि तिच्या तीन बहिणींचा एक कृष्णधवल फोटो काढला आणि पुढे २०२२पर्यंत दर वर्षी काढत राहिले. चौघींचा क्रमही तोच. मला या मालिकेतली सर्वांत धीट गोष्ट वाटते ती ही, की फोटो काढणारा नवरा आहे, पण त्याच्या चौकटीत त्याची बायको बायको म्हणून कधीच येत नाही, बहीण म्हणून येते. नवरा फार तर कधीमधी सावली होऊन जमिनीवर पडतो. चौघींची लग्नं, घटस्फोट, आजारपणं, जे काही असेल ते सगळं बाहेर. आत फक्त त्या एकमेकींना कशा टेकून उभ्या आहेत, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण दयानिता सिंग यांचं. १९८९मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतल्या हिजड्यांवर काम करताना त्यांची मोना अहमद यांच्याशी गाठ पडली. फोटो विलायतेत छापले जाणार आणि तिथे आपले नातेवाईक आहेत, हे कळल्यावर मोना यांनी फिल्म परत मागितली. दयानिता यांनी ती देऊन टाकली. मैत्री तिथून सुरू झाली आणि २०१७मध्ये मोना वारल्या तोवर चालली. २००१मध्ये आलेल्या ‘मायसेल्फ मोना अहमद’ या पुस्तकात फोटो दयानिता यांचे आहेत आणि मजकूर मोना यांनी प्रकाशकाला लिहिलेल्या ई-मेलचा. स्वतःच्या समाजातून बाहेर काढल्या गेलेल्या, दत्तक मुलगी दुरावलेल्या मोना दिल्लीतल्या एका कब्रस्तानात राहायला गेल्या होत्या. फोटोंतून त्यांचं एकाकीपण लपत नाही, दारूही लपत नाही. पण कॅमेऱ्यामागे कोण आहे याचा विसर कधी पडत नाही. मोना ज्या हक्काने रुसतात, पसरतात, नाचून दाखवतात, तो हक्क वार्ताहराला मिळत नाही, मैत्रिणीला मिळतो. नातं चौकटीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तयार झालेलं आहे. अरोमँटिक जगण्याचे फोटो काढायला निघालेल्या हौशी कलाकारांनी हे पुस्तक आधी बघावं. त्यांचे फोटो बहुधा खिडकीशी एकटी बसलेली व्यक्ती, पाठमोरी, समोर समुद्र, असे असतात. अरोमँटिक म्हणजे एकटा, ही समजूत मोडायला निघून ते तीच छापून देतात.

सिनेमात अडचण जास्त खोल आहे, कारण तिथे प्रेम दोन चित्रांच्या मधल्या फटीत तयार होतं. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या आसपास एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा सूपच्या ताटलीला, शवपेटीला आणि एका तरुणीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात अनुक्रमे भूक, दुःख आणि ओढ दिसली, अशी कथा आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, कारण मूळ फिल्म उरलेली नाही. पण प्रयोगातलं तत्त्व प्रत्येक संकलकाच्या हातात रोज सिद्ध होतं. त्याने पाहिलं, तिने पाहिलं, मागे बासरी वाजली, झालं. आपण शंभर वर्षं या व्याकरणावर पोसलो आहोत. त्यामुळे पडद्यावर कुठल्याही दोन माणसांनी दोनदा एकमेकांकडे बघितलं की प्रेक्षक मनातल्या मनात लग्न लावून मोकळा होतो. ज्याला शरीराची ओढ आहे पण प्रेमाची नाही, त्याची तर याहून वाईट गत आहे. त्याच्यासाठी एकच भूमिका राखून ठेवलेली असते, फसवणाऱ्या खलनायकाची. किंवा शेवटच्या रिळात नायिकेने सुधारायच्या बेफिकीर नायकाची. तो कुणाला काही खोटं न सांगता तसा असू शकतो, ही शक्यताच पटकथेत येत नाही.

हे व्याकरण अडवून धरणारे मराठी चित्रपट आहेत, आणि त्यांच्याकडे या अंगाने फारसं बघितलं गेलेलं नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ २०१६ या वर्षासाठीचं सुवर्णकमळ मिळवून गेला. नैराश्याच्या गर्तेत जाऊन आलेली जानकी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला कोकणातल्या घरात आसरा देते. आपलं नाव-गाव सांगायला तो तयार नाही आणि ती खोदत नाही. ती त्याची आई होत नाही, प्रेयसी तर नाहीच, डॉक्टरही होत नाही. दोघांमध्ये जे अंतर आहे ते मिटवण्याची घाई चित्रपटाला नाही. त्या अंतरानेच मुलगा हळूहळू बरा होतो. सचिन कुंडलकर यांच्या ‘गुलाबजाम’मध्ये (२०१८) लंडनची नोकरी सोडून स्वयंपाक शिकायला पुण्यात आलेला आदित्य आणि डबे करून देणारी राधा यांच्यात परात, कढई, पोळपाट सतत असतात. प्रेक्षक सवयीने वाट बघत राहतो, चित्रपट त्याला ते देत नाही, आणि तरी दोघांमध्ये घडलं ते कमी होतं असं कुणी म्हणणार नाही. जानकी किंवा राधा अरोमँटिक आहेत असा माझा दावा नाही. पात्रांना अशी लेबलं लावत फिरणं हाही एक चाळाच. एवढंच, की नात्याला प्रेमाच्या खुंटीला न टांगता दोन तास उभं ठेवता येतं, हे मराठी दिग्दर्शकांनी करून दाखवलंय.

थेट अरोमँटिक पात्र पडद्यावर आणण्याचं काम गेल्या काही वर्षांत सर्वांत गंभीरपणे जपानने केलं. तिथे ‘ओमिआई’ म्हणजे आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रमच; आई मुलीच्या मागे लागते तेव्हा भाषा बदलते, सूर बदलत नाही. ‘सोबाकासु’ या २०२२च्या चित्रपटात दिग्दर्शक शिन्या तामादा यांची नायिका कासुमी तिशीची आहे. एकेकाळी चेलो वाजवायची, आता कॉल सेंटरमध्ये काम करते, आई तिला न सांगता स्थळं बघते. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधला टॉम क्रूझ तिला आवडतो, कारण त्या चित्रपटात तो नुसता पळतो. पुढे बालवाडीत काम करताना ती सिंड्रेलाची गोष्ट आपल्या पद्धतीने पुन्हा सांगायला घेते. पालकांना ते रुचत नाही. ज्या मैत्रिणीबरोबर एकत्र राहायचं ठरत असतं, ती मैत्रीणही अखेर लग्नाकडे वळते. या मैत्रिणीला चित्रपट दगाबाज ठरवत नाही. पण प्रेमभंगाची गाणी असंख्य असताना मैत्री अशी सुटून जाते तेव्हाच्या दुःखाला एकही प्रसंग राखून ठेवलेला नसतो, हे ती दृश्यं बघताना लख्ख कळतं. तोको मिऊरा ही अभिनेत्री त्या वेळी चेहऱ्यावर जवळजवळ काहीच येऊ देत नाही. कुलेशोव्हचं व्याकरण इथे उलटं वापरलंय: समोरचं चित्रच काढून घेतलं, म्हणून चेहऱ्यावर काय वाचायचं ते प्रेक्षकाला ठरवता येत नाही.

शेवटी कासुमी पळते. प्रेमपटाच्या शेवटी कुणीतरी पळतंच, विमानतळाकडे, स्टेशनकडे, लग्नमंडपाकडे. कासुमीच्या पळण्याच्या टोकाला कुणी उभं नाही. आपल्यासारखं आणखी कुणी जगात आहे, एवढं तिला नुकतंच कळलंय. त्या माणसाच्या मिठीत ती जात नाही. ती आनंदाने पळते. मला हा शेवट गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या खुलाशांपेक्षा मोठा वाटतो.

खुलासे अलीकडे पुष्कळ झाले. ‘हार्टस्टॉपर’ या ब्रिटिश मालिकेत आयझॅक या मुलाला आपण कोण आहोत ते कळतं, सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी ते उपयोगाचं आहे. जपानच्या एनएचके वाहिनीची २०२२मधली ‘कोइसेनु फुतारी’ ही आठ भागांची मालिकाही सुरुवातीला माहिती देण्याच्या घाईत असते. पण पुढे एरिका योशिदा यांच्या लेखनाची पकड बसते. या मालिकेसाठी त्यांना मुकोदा कुनिको पुरस्कार मिळाला. साकुको आणि ताकाहाशी, दोघंही अरोमँटिक आणि अलैंगिक, एका घरात कुटुंब म्हणून राहून बघतात. घरचे गोंधळतात, शेजारी आपापला अर्थ लावतात. शेवटी ताकाहाशी भाजीपाल्याच्या शेतीच्या आवडीपायी दूर जातो, साकुको त्याच्या घरात राहते, आणि दोघं कुटुंबच राहतात. ते एका छपराखाली सुखाने नांदू लागले असते तर ती प्रेमाविना लग्नाची नक्कल झाली असती. मालिकेने तो मोह टाळला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. महाराष्ट्रात प्रेम ही काही केवळ सिनेमाने शिकवलेली चैन नाही. बाबासाहेबांनी १९३६मध्ये जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवलं, आणि प्रत्यक्षात असे विवाह बरेचदा प्रेमातून होतात. ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याचा शेवट काय होतो हे या राज्यात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. जिथे प्रेमापायी जीव जातात, तिथे प्रेमाला सिंहासनावरून खाली उतरवण्याची भाषा कुणाला परवडते? ज्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही त्याला, असं कुणी म्हटलं तर मला ते झटकून टाकता येणार नाही. माझं उत्तर इतकंच, की आर्चीला मारणारे आणि बत्तीस वर्षांच्या मुलीला ‘कुणाशी तरी कर, पण कर’ म्हणून रोज पोखरणारे, यांच्या हाती हत्यारं वेगळी असली तरी हक्काचा दावा एकच आहे: तुझं नातं आम्ही ठरवणार. पहिल्याला विरोध करायचा तर दुसऱ्यालाही करावा लागतो. प्रेमाने जात मोडते म्हणून प्रेम सक्तीचं करणं, हा त्या लढ्याचा अर्थ होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप हलका आहे. लग्न न करणाऱ्यांना आपल्या परंपरेने नेहमीच मान दिला, असं सांगितलं जातं आणि मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालेल्या नारायणाची, म्हणजे रामदासांची, गोष्ट पुढे केली जाते. मान दिला हे खरं. पण बदल्यात सगळंच मागितलं. लग्न टाळायचं तर मठ धरा, देशकार्य धरा, निदान भावंडांच्या मुलांसाठी झिजा. सुखाने राहणारा, मित्रांबरोबर घर घेणारा, रविवारी मटण करणारा अविवाहित माणूस या परंपरेच्या हिशेबात बसत नाही. अरोमँटिक माणूस काही सोडत नसतो. जे मुळात नाहीच त्याचा त्याग कसला? त्याला वैराग्याचं प्रमाणपत्र नको आहे. घरोघरच्या अल्बममधली अविवाहित आत्या बघा. चार भावांच्या कुटुंबांच्या घोळक्यात ती कडेला असते, मांडीवर कुणाचं तरी मूल घेऊन. मुंजीपासून साठीपर्यंत सगळ्या फोटोंत ती आहे, आणि तिच्यासाठी म्हणून काढलेला एकही नाही.

या सगळ्याला फक्त भावनेचं मोल आहे असं समजू नये. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा आहे. मूत्रपिंड देणारा नवरा, बायको, आई-वडील, भावंड, मूल, आजी-आजोबा किंवा नातवंड यांच्यापैकी असेल तर तो जवळचा नातेवाईक. नवरा-बायकोच्या बाबतीत विवाहाचा दाखला आणि लग्नाचा फोटो बघितला जातो. देणारा मित्र असेल तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. यामागे पैशाचा व्यवहार नाही, दोघांचा संबंध खरा आहे, याची समितीने खात्री करायची असते; आणि २०१४च्या नियमांनुसार तिने काय काय तपासायचं त्या यादीत देणारा आणि घेणारा यांचे एकत्र असलेले जुने फोटोही आहेत. लग्नाचा अल्बम घरोघरी मिळतो. आपल्या सर्वांत जवळच्या मित्राबरोबरचा किंवा मैत्रिणीबरोबरचा दहा वर्षांपूर्वीचा, कुणाच्या लग्नात न काढलेला एक तरी फोटो आपल्याकडे आहे का, हे वाचकांनी आजच शोधून बघावं. नसेल तर पुढच्या रविवारी काढून घ्यावा.